आमचं गाव कोयली

आपल्या मंडळात नवीन कुटुंब आलं की पहिला प्रश्न ठरलेला असतो, “तुम्ही मूळचे कुठले?” उत्तरंही ठरलेली असतात. कुणी रत्नागिरीकडचे, कुणी वाईचे, कुणी जळगाव-भुसावळचे. ज्यांचे खापरपणजोबा गायकवाडांबरोबर आले ते स्वतःला अस्सल बडोदेकर म्हणवतात. पण कुलदैवत विचारलं की तेही जेजुरीला नाहीतर तुळजापूरला पोचतात. पन्नास-पंचावन्न वर्षं ज्या गावाच्या शिवारात राहिलो, जिथे आमची मुलं चालायला शिकली, त्या कोयलीचं नाव मात्र कुणी घेत नाही.

गेल्या वर्षी आमच्यातल्या एकाच्या नातीला शाळेत ‘माझं गाव’ या विषयावर निबंध लिहायचा होता. तिने घरातल्या सगळ्यांना विचारलं, “कोयलीबद्दल काय लिहू?” आजोबा म्हणाले, “रिफायनरीबद्दल लिही.” आजी म्हणाली, “कोयलीत काय आहे लिहिण्यासारखं? त्यापेक्षा आपल्या साताऱ्याबद्दल लिही.” मुलीने सातारा दोनदाच पाहिलेला. शेवटी तिने दहा ओळी लिहिल्या. त्यातल्या नऊ रिफायनरीवर होत्या आणि दहावी होती, ‘मला माझे गाव खूप आवडते.’

हा किस्सा आरतीनंतर कुणीतरी सांगितला, सगळे हसले. घरी जाताना मात्र हसू जरा ओसरलं. नीरस, धुरकट, सांगण्यासारखं काही नसलेलं गाव, हे मत आपण बनवलं तरी कधी? आणि गाव न पाहताच बनवलं का? मग आम्ही सहा जणांनी ठरवलं की या वर्षीच्या स्मरणिकेसाठी कोयलीचा इतिहास शोधायचा. आमच्यात इतिहासाचा पदवीधर एकही नाही. चौघं कारखान्यातून निवृत्त झालेले, एक शाळेतल्या बाई आणि एक बँकेतले. जे सापडलं ते वाचकांपुढे ठेवतो.

सुरुवात पाठ असलेल्या भागापासून करू. आपल्या टाउनशिपमधल्या साठीपुढच्या कुणालाही झोपेतून उठवून विचारा, तारखा धडाधड येतील. १० मे १९६३ रोजी पंडित नेहरूंच्या हस्ते पायाभरणी. ऑक्टोबर १९६५ मध्ये पहिलं युनिट सुरू. १८ ऑक्टोबर १९६६ रोजी राष्ट्रपती डॉ. राधाकृष्णन यांनी रिफायनरी राष्ट्राला अर्पण केली. पहिल्या युनिटची क्षमता वर्षाला दहा लाख टन होती. वाढत वाढत ती १ कोटी ३७ लाख टनांवर गेली.

या तारखांमागे एक मोठी गोष्ट आहे, ती आजच्या मुलांना सांगायला हवी. स्वातंत्र्यानंतर मुंबईला तुर्भ्याच्या किनाऱ्यावर ज्या मोठ्या रिफायनऱ्या उभ्या राहिल्या त्या परदेशी कंपन्यांच्या होत्या. आपल्या जमिनीत फारसं तेल नाही, असं तज्ज्ञ सांगत. १९५८ मध्ये खंबातजवळ लुणेजला आणि १९६० मध्ये अंकलेश्वरला तेल लागलं, तेव्हा ते गाळायचं कुठे हा प्रश्न उभा राहिला. रुमानियाच्या मदतीने गुवाहाटी आणि सोव्हिएत मदतीने बरौनी ही कामं हाती घेतलेली होतीच. तिसरी सरकारी रिफायनरी, तीही सोव्हिएत मदतीने, गुजरातेत यायची ठरली. दक्षिणेला अंकलेश्वर, उत्तरेला महीचं पाणी, शेजारी बाजव्याची रेल्वे लाइन आणि हाकेच्या अंतरावर बडोद्यासारखं शहर. या सगळ्यांच्या मधोमध होती कोयली.

त्याच सुमारास शेजारी गुजरात स्टेट फर्टिलायझर आलं (स्थापना १९६२), मागोमाग १९६९ मध्ये आयपीसीएल. आपल्यापैकी बहुतेकांचे वडील किंवा आपण स्वतः याच लाटेवर इथे आलो. अहमदाबादहून रात्रीच्या गाडीने येताना लांबून फ्लेअरची ज्योत दिसायची आणि डब्यात कुणीतरी म्हणायचं, “बाजवा आलं, वळकट्या बांधा.” ती ज्योत म्हणजे आमच्यासाठी घर.

पण हा झाला कारखान्याचा इतिहास. तो १९६१ साली सोव्हिएत तज्ज्ञांशी झालेल्या करारापासून सुरू होतो, जणू त्याआधी इथे मोकळं माळरान होतं. गावाचा इतिहास शोधायचा तर त्याच्या आधी जायला हवं. कसं जायचं?

इथे आम्हाला एक वाटाड्या भेटला, तोही बडोद्यातच. १९३४ साली आपल्या बडोद्यात मराठी साहित्य संमेलन भरलं होतं. त्याचे अध्यक्ष होते ना. गो. चापेकर. न्यायखात्यातून निवृत्त झाल्यावर ते बदलापूरला जाऊन राहिले. तेव्हाचं बदलापूर म्हणजे मुंबई-पुणे लाइनवरचं एक साधं खेडं. तिथे किल्ला नाही, लढाई नाही, की कुणा राजाची समाधी नाही. चापेकरांनी त्याच गावावर जाडजूड ग्रंथ लिहिला. गावची जमीन, पिकं, जाती, धंदे, रीतिरिवाज, माणसांचं बोलणं हे सगळं त्यांनी विचारून, मोजून टिपून ठेवलं. १९३३ मध्ये तो ग्रंथ ‘बदलापूर’ म्हणून प्रसिद्ध झाला आणि पुढल्याच वर्षी ते बडोद्याच्या व्यासपीठावर अध्यक्ष म्हणून उभे राहिले. बडोद्यात आपण संमेलनांची आठवण मोठ्या अभिमानाने काढतो. पण त्या अध्यक्षांनी जे करून दाखवलं होतं, ते आपण आपल्या गावासाठी केलं नाही.

चापेकरांकडून आम्ही एकच गोष्ट घेतली. गावाला ‘तुझ्याकडे मोठं काय आहे?’ असं विचारायचं नाही. ‘इथे पाणी कुठून येत होतं, सारा कुणाला भरत होते, दुष्काळात काय झालं, शाळेत कोण जात होतं?’ असं विचारायचं. तसं विचारलं की नीरस गावही बोलायला लागतं.

सारा कुणाला? तर गायकवाडांना. १७३४ पासून बडोदं गायकवाडांच्या हाती राहिलं आणि राजधानीच्या कुशीतली कोयली बडोदा प्रांतात मोडत होती. पण थोडं उत्तरेला महीच्या काठाकडे गेलं की चित्र बदलायचं. अंगड, रायका, दोडका ही गावं आज आपण पाण्याच्या फ्रेंच विहिरींमुळे ओळखतो. ती पूर्वी मेवासी ठाकोरांची छोटी ठिकाणं होती. इंग्रजांच्या रेवाकांठा एजन्सीत मोडणारी आणि गायकवाडांना खंडणी देणारी. म्हणजे ज्या रस्त्याने आपण महीवर सहलीला गेलो, तिथे चार-दोन कोसांत राज्य बदलत होतं. सहलीत आपल्याला हे कुणी सांगितलं नाही, आपणही विचारलं नाही.

सारा वसूल करायची जुनी पद्धत इजाऱ्याची होती. सावकारासारखा एखादा माणूस सरकारला ठरलेली रक्कम देई आणि मग कुळांकडून जमेल तेवढी काढी. १८७५ मध्ये नाशिककडच्या कवळाण्याचा मुलगा गादीवर आला आणि सयाजीराव झाला. दिवाण टी. माधवराव यांच्या काळात इजारे मोडीत निघाले. पुढे १८८३ पासून महाराजांचे शिक्षक एलियट यांच्या हाती जमिनीच्या मोजणीचं काम आलं. शेताचा तुकडा मोजला जाणं, त्याला नंबर मिळणं आणि सारा आधीच ठरलेला असणं, शेतकऱ्याच्या दृष्टीने राज्याभिषेकापेक्षा ही घटना मोठी.

दुष्काळाचं विचाराल तर गुजरातेत ‘छप्पनियो’ हा शब्द अजून म्हाताऱ्यांच्या तोंडी आहे. विक्रम संवत १९५६, म्हणजे १८९९-१९००. १८९१ च्या शिरगणतीत बडोदा संस्थानाची वस्ती २४ लाखांवर होती. १९०१ मध्ये ती साडेएकोणीस लाखांवर आली. आपण दरवर्षी सयाजीरावांची राजवाड्याची, दरबाराची वर्णनं वाचतो. त्याच राजवटीतल्या दहा वर्षांतला हा आकडा. महाराजांनाही तो विसरता आला नसणार. त्यानंतर सहाच वर्षांनी, १९०६ मध्ये, त्यांनी सबंध राज्यात प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं. १८९३ मध्ये अमरेलीकडे त्याचा प्रयोग करून पाहिलेला होता. १९१० मध्ये अमेरिकेहून बोर्डन नावाचे ग्रंथपाल आले आणि खेड्यापाड्यांत लाकडी पेट्यांतून पुस्तकं फिरू लागली. ब्रिटिश मुलखातल्या बऱ्याच खेड्यांना जे पुढे कितीतरी वर्षं मिळालं नाही, ते गायकवाडीतल्या खेड्यांना, म्हणजे कोयलीसारख्यांनाही, कायद्याने मिळालं होतं. आपले कोकणातले, देशावरचे आजोबा जेव्हा चार कोस चालत शाळेला जात होते, तेव्हा इकडे मुलगा शाळेत पाठवला नाही म्हणून बापाला दंड होत होता.

संस्थानात अशी तीन हजारांहून अधिक गावं होती. गॅझेटियरमध्ये राजधानीला पानं मिळतात, कसब्यांना परिच्छेद मिळतात. प्रत्येक खेड्याच्या वाट्याला ओळ कुठून येणार? पण हिशेबाच्या वहीत प्रत्येक खेडं असतंच. राज्याला बाकी कशाचा विसर पडला तरी साऱ्याचा पडत नाही.

आता या हिशेबांची गोष्ट. गायकवाडांचं हुजूर दफ्तर मराठीत होतं आणि ते मोडी लिपीत लिहिलेलं होतं. प्रजा गुजराती, कारकून मराठी. कोठीवरच्या सरकारी अभिलेखागारात या मोडी कागदांचे रुमाल आजही आहेत. रियासतकार सरदेसाई बडोद्याला राजपुत्रांचे शिक्षक होते, इथेच त्यांच्या इतिहासलेखनाचा पाया पडला. कारभारासाठी नेमके शब्द हवेत म्हणून महाराजांनी ‘श्रीसयाजीशासनशब्दकल्पतरू’ हा आठ भाषांचा कोश १९३१ मध्ये काढला. ‘सुभा’ म्हणजे कलेक्टर, ‘वहिवाटदार’ म्हणजे मामलेदार, हे बडोद्याच्या कारभाराचे शब्द आपल्या आज्यांच्या बोलण्यात सहज यायचे. १९४९ मध्ये संस्थान मुंबई राज्यात विलीन झालं आणि मुंबईचे महसुली कायदे इकडे लागू झाले. म्हणूनच कोयलीतला शेतकरी आजही ‘सात-बार’चा उतारा काढायला जातो आणि साताऱ्यातला ‘सातबारा’ काढायला. १९६० मध्ये दोन राज्यं वेगळी झाली, उतारा सारखाच राहिला.

एवढं वाचून झाल्यावर आम्हाला वाटलं, आता गावात जाऊन यावं. आमच्यातल्या एकाने हिशेब केला. टाउनशिपच्या फाटकापासून जुन्या गावापर्यंत पायी जाता येतं, आणि सहापैकी चौघांनी गावात आयुष्यात एकदाही पाऊल ठेवलेलं नव्हतं. दूध गावातून यायचं, भाजी यायची, घरकामाला बायका यायच्या. गाव आमच्याकडे येत होतं, आम्ही गावाकडे गेलो नव्हतो.

एका रविवारी सकाळी गेलो. चौकात ओट्यावर तीन-चार वडीलधारी बसलेली होती. त्यातल्या सर्वांत वयस्कर काकांनी, वय पंच्याऐंशीच्या घरातलं असावं, आम्हाला बसायला जागा दिली, चहा सांगितला आणि विचारलं, “तमे दक्षिणी लोको आटलां वरसथी अहीं छो, ने गाममां पहेली वार आव्या?”

आम्ही खाली पाहिलं. काका हसले. मग त्यांनी बोटाने दाखवत सांगायला सुरुवात केली. तिकडे कपाशी व्हायची, तिकडे तूर, नदीच्या बाजूला बाजरी. तुमचे क्वार्टर आहेत ना, तिथून गाडीवाट जायची. सर्व्हे नंबर त्यांना पाठ होते. ज्या जमिनीचे नंबर ते सांगत होते त्यातल्या काहींवर आता टाक्या आहेत, काहींवर रस्ते आणि एकावर बहुधा आमची बाग. जमीन गेली तेव्हा ते पंचविशीच्या आत होते. नोटीस आली, पैसे आले, ते चार भावांत वाटले गेले आणि संपले. “नोकरी मिळाली का?” आम्ही विचारलं. “एका भावाला मिळाली,” काका म्हणाले. त्यांच्या आवाजात तक्रार नव्हती. हिशेब सांगावा तसं सांगत होते.

आम्ही तिघं ज्या वर्षी नोकरीला लागलो तो आमच्या घरचा सणाचा दिवस होता. पेढे वाटले होते. त्याच कारखान्याचं दुसरं टोक आम्ही पहिल्यांदा ऐकत होतो.

पाण्याचंही तसंच. कारखान्यांचं सांडपाणी महीत जाऊ नये म्हणून धनोऱ्यापासून खंबातच्या आखातालगतच्या सारोदपर्यंत सुमारे ५५ किलोमीटरचा कालवा बांधला गेला, तो १९८३ मध्ये सुरू झाला. आम्ही तो कागदावर ‘प्रकल्प’ म्हणून ओळखत होतो. काकांनी सांगितलं, “त्याच्या आधी आमच्या विहिरी होत्या.” एवढंच. त्या ‘होत्या’वर आमच्यातलं कुणीही काही बोललं नाही.

निघताना आम्ही कोठीवरच्या मोडी कागदांचं सांगितलं, गायकवाडी हिशेबांचं सांगितलं. काकांना मोठं कुतूहल वाटलं. म्हणाले, “म्हणजे आमच्या बापजाद्यांचा सारा, जमीन, सगळं तुमच्या भाषेत लिहिलेलं आहे?” आम्ही जरा अभिमानाने हो म्हटलं. “मग वाचून आम्हालाही सांगा ना.”

सहापैकी एकालाही मोडी येत नाही.

वाचकहो, या लेखातून आम्हाला जे सांगायचं आहे ते एवढंच आहे. आम्ही इतकी वर्षं म्हणत होतो की कोयलीला इतिहास नाही. इतिहास होता. त्याचा अर्धा भाग गावातल्या म्हाताऱ्यांच्या तोंडी होता, त्यांच्याशी आम्ही बोललो नाही. उरलेला अर्धा आमच्याच भाषेत, आमच्याच पूर्वजांच्या हस्ताक्षरात होता, तो वाचायला आम्ही विसरलो. गाव नीरस नव्हतं, आम्ही निरक्षर होतो. आपल्या आजोबांच्या पिढीला मोडी येत होती. आपल्या मंडळातल्या किती घरांत अजून पत्रांचे, वह्यांचे गठ्ठे माळ्यावर असतील आणि ते ‘काहीतरी जुनं’ म्हणून रद्दीत जायची वाट पाहत असतील!

एक गोष्ट मात्र आमच्या मनात घर करून राहिली. सरकारदप्तरी कारखान्याचं नाव ‘गुजरात रिफायनरी’. टाउनशिपचं नाव ‘जवाहरनगर’. पण तेल वाहून नेणाऱ्या नळांना देशभर नाव आहे ते या गावाचं. कोयली–अहमदाबाद, कोयली–सांगानेर, कोयली–रतलाम, आणि अलीकडची कोयली–अहमदनगर–सोलापूर. आपले वाडवडील ज्या मुलखातून इकडे आले, त्याच मुलखाकडे जमिनीखालून कोयलीचं नाव निघालं आहे. जमीन देणाऱ्या गावाने सोबत आपलं नावही दिलं. नगरला आणि सोलापूरला ते पोचलं, आपल्या घरातल्या मुलांच्या निबंधात मात्र ते दहाव्या ओळीपर्यंत पोचलं नाही.

म्हणून मंडळापुढे तीन साध्या गोष्टी ठेवतो. पहिली, यंदा मांडवात आरासीशेजारी एक वही ठेवलेली असेल. टाउनशिपच्या सुरुवातीच्या दिवसांचं ज्यांना जे आठवतं ते त्यात लिहावं: पहिली बस, रशियन शेजारी, पहिला गणपती, भोंगा, पूर, काहीही. चापेकरांनी बारीकसारीक गोष्टींतूनच बदलापूर उभं केलं. दुसरी, दिवाळीनंतर मोडीचा वर्ग सुरू करू. बडोद्यात शिकवणारे आहेत, आपल्याकडे वेळ असलेले निवृत्त भरपूर आहेत. पहिल्या बाकावर आम्ही सहा जण बसू. तिसरी, गावातल्या त्या काकांना आणि त्यांच्या सोबत्यांना आरतीचं आमंत्रण दिलं आहे. ते येणार आहेत. त्यांच्याशेजारी बसा, त्यांना सर्व्हे नंबर विचारा. आपल्या क्वार्टरच्या जागी काय पिकत होतं ते त्यांना ठाऊक आहे.

आमच्यातले बरेच जण निवृत्तीनंतर क्वार्टर सोडून गोरवा, सुभानपुऱ्याला राहायला गेलो आहोत. मुलं पुण्याला, बंगळूरला, काही समुद्रापलीकडे. तिथे त्यांना कुणीतरी विचारतच असणार, “मूळचे कुठले तुम्ही?” ती काय उत्तर देतात हे आम्ही अजून विचारलेलं नाही. नातीचा निबंध मात्र या वर्षी पुन्हा आहे. विषय तोच, वर्ग वरचा. या खेपेला ती आमच्याबरोबर त्या ओट्यावर येऊन बसणार आहे, हातात वही घेऊन.

गणपती बाप्पा मोरया!